गुरांच्या खाद्याची मळी आणि घरची रम : २० लिटर वॉश कसा लावायचा

आधी शब्दांचा गोंधळ दूर करू, कारण तिथेच पहिली चूक होते. ऊस भागात ‘मळी’ म्हटलं की काही शेतकऱ्यांना प्रेसमड आठवतो, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा काळा लगदा, जो खत म्हणून शेतात जातो. इथे ती मळी अभिप्रेत नाही. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर सेंट्रिफ्यूगलमधून, म्हणजे दाणे वेगळे करणाऱ्या फिरत्या यंत्रातून, जो काळा, चिकट पाक बाहेर पडतो, ती मळी म्हणजे मोलॅसिस. काकवी त्याहूनही वेगळी. काकवी हा उसाचा आटवलेला अख्खा रस, त्यातली साखर काढलेली नसते. काकवीला आंबवणं सोपं आहे. मळीला आंबवणं अवघड आहे आणि ते का, हे कळलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते.

कायद्याचंही सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवं. महाराष्ट्रात आणि भारतात इतरत्रही परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा त्याला लागू होतो, आणि मळीची साठवण व वाहतूक यांवरसुद्धा उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं. तिथे हे करू नये. न्यूझीलंडमध्ये मात्र १९९६पासून स्वतःच्या वापरापुरती दारू घरी गाळायला परवानगी आहे. विक्री करता येत नाही, त्यासाठी परवाना लागतो. शेजारच्या ऑस्ट्रेलियात घरी वाइन किंवा बिअर करता येते, पण गाळायला परवाना लागतो. त्यामुळे हे टिपण ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टनकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना समोर ठेवून लिहिलं आहे. तिथे शेतीमालाच्या दुकानात गायी-घोड्यांसाठी मळीच्या बादल्या सहज आणि स्वस्त मिळतात. ऊर्ध्वपातन, म्हणजे दारू गाळणं, हा वेगळा विषय आहे, त्यात आगीचा खरा धोका असतो, तो इथे घेतलेला नाही. इथे फक्त वॉश, म्हणजे गाळण्याआधीचं आंबवलेलं गोड पाणी, आपल्याकडच्या बातम्यांत ज्याला ‘कच्चं रसायन’ म्हणतात ते. रमची चव बरीचशी इथेच ठरते.

मळीत काय असतं

कारखान्यात रस तीनदा उकळून साखर काढली की शेवटी जी उरते ती सी मळी. गुरांच्या खाद्यात बहुधा हीच जाते. तिचं ब्रिक्स ७५ ते ८०च्या आसपास, म्हणजे १ किलोत पाऊण किलोहून जास्त विरघळलेला ऐवज. पण त्यातली आंबणारी साखर साधारण ४५ ते ५० टक्के. उरलेल्यात पोटॅशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार, डिंकासारखे पदार्थ, साखर जळून झालेले काळे रंगद्रव्य आणि थोडी सेंद्रिय आम्लं. राखच १० टक्क्यांच्या आसपास भरते. उसातला जो काही क्षार कारखान्यात शिरला, तो साखरेच्या दाण्यात जात नाही, सगळा मळीत साठतो. रस शुद्ध करताना घातलेल्या चुन्याचा अंशही त्यातच येतो.

म्हणून मळीत साखर कमी पडते असं नाही. साखरेबरोबर जो भार येतो, तो यीस्टला झेपत नाही. खारट, दाट, आम्लांनी भरलेल्या पाण्यात यीस्टला एकदम सोडलं तर ते मरत नाही, पण रेंगाळतं, आणि रेंगाळलेल्या वॉशमध्ये दुसरेच जंतू घर करतात. खाली जी काही खटपट सांगितली आहे ती जवळजवळ सगळी हा भार हलका करण्यासाठी आहे.

बादली घेताना

लेबल पूर्ण वाचा. फक्त ‘केन मोलॅसिस’ किंवा ‘ब्लॅकस्ट्रॅप’ लिहिलेलं हवं. पुढीलपैकी काही दिसलं तर ती बादली घोड्यालाच राहू द्या.

युरिया : गुरांना स्वस्त नायट्रोजन मिळावा म्हणून घालतात. आपल्याकडे दुभत्या जनावरांपुढे ठेवतात त्या युरिया-मळीच्या चाटण विटा याच जातीच्या. युरिया आणि अल्कोहोल यांच्यापासून एथिल कार्बामेट तयार होतं, आणि ते कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या पदार्थांत मोडतं. यीस्टला नायट्रोजन हवा म्हणून बाहेरून युरिया घालण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही याच कारणासाठी धुडकावावा.

प्रोपिओनिक आम्ल किंवा सॉर्बेट : बुरशी लागू नये म्हणून. जे बुरशीला रोखतं ते यीस्टलाही रोखतं. अशी मळी आंबत नाही, आणि नवखा माणूस दोष यीस्टला देतो.

तेल, मीठ, खनिज मिश्रण, औषधं : ही मळी राहिली नाही, तयार पशुखाद्य झालं.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. पशुखाद्याच्या दर्जाची मळी माणसाच्या अन्नासाठीच्या स्वच्छतेने भरलेली, साठवलेली नसते. टँकरमधून, उघड्या टाकीतून आलेली असू शकते. दोन पैसे जास्त देऊन खाद्य दर्जाची मळी मिळत असेल आणि मनात शंका असेल, तर तीच घ्यावी. कृतीत काहीही बदलत नाही.

मोठा घाट घालण्याआधी बरणीत चाचणी घ्या. २०० ग्रॅम मळी, ८०० मिलिलिटर कोमट पाणी, चिमूटभर डीएपी (यीस्टला नायट्रोजन आणि फॉस्फेट देणारं, त्याबद्दल पुढे), चहाचा एक चमचा सुकं यीस्ट. बरणी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, झाकण सैल. ६ तासांत वर फेस धरला आणि २४ तासांत बुडबुड्यांचा आवाज स्पष्ट येऊ लागला, तर मळी चांगली. दुसऱ्या दिवशीही बरणी गप्प असेल तर त्या मळीत संरक्षक आहे असंच धरावं. ही चाचणी न घेता आख्खी बादली ओतणं म्हणजे आठवडा वाया.

साहित्य, २० लिटर वॉशसाठी

मळी ४ किलो, म्हणजे मापाने सुमारे २.९ लिटर. वजनानेच घ्या, मळी मापात चिकटून राहते आणि हिशेब चुकतो.
गूळ १.६ किलो.
डीएपी १६ ग्रॅम, खाद्य दर्जाचं.
सायट्रिक आम्ल १० ते १५ ग्रॅम.
सुकं बेकरी यीस्ट ३० ग्रॅम, किंवा ईसी-१११८ या वाइन यीस्टची ५ ग्रॅमची ३ पाकिटं.
पाणी, एकूण २० लिटर भरेपर्यंत.

डीएपी म्हटल्यावर गावाकडच्या माणसाला १८:४६चं पोतं आठवतं. पदार्थ तोच, पण खताच्या डीएपीत खडक फॉस्फेटमधून आलेली अशुद्धी असते, ती पिकाला चालते, पोटात चालत नाही. घरी वाइन-बिअर करणाऱ्यांच्या दुकानात ‘यीस्ट न्यूट्रिअंट’ म्हणून ते छोट्या पुडीत मिळतं. मळीत पोटॅशियम, मॅग्नेशियम मुबलक असतं, त्यामुळे एप्सम सॉल्ट वगैरे घालायची गरज नाही. कमी असतो तो यीस्टला वापरता येईल असा नायट्रोजन आणि फॉस्फेट, आणि डीएपी ते दोन्ही देतं.

गूळ का? नुसत्या मळीवर १० टक्के अल्कोहोल गाठायचं तर मळी इतकी घालावी लागते की क्षारांनी यीस्ट गुदमरतं. अर्धी साखर गुळाची किंवा कच्च्या साखरेची घेतली तर भार तेवढाच राहतो आणि गोडी वाढते. चव मळीचीच राहते, काळजी नको. ऑकलंडच्या बर्कनहेडमधला चेल्सी साखर कारखाना १८८४पासून चालू आहे, तिथली कच्ची साखरही चालते, मग ती १.४ किलो पुरे. गूळच घ्यायचा तर भारतीय किराणा दुकानातला काळपट, ओबडधोबड गूळ निवडा. पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रॉस, म्हणजे रंग उडवणारी गंधकयुक्त पूड, मारून उजळवलेला असतो आणि त्यातला सल्फाइटचा अंश यीस्टला नडतो. कोल्हापूरकडे भेंडीच्या पाण्याने मळ काढलेला गूळ मिळतो, तसा हाती आला तर उत्तम.

या मापाचा हिशेब असा : ४ किलो मळीत सुमारे १.९ किलो आंबणारी साखर, १.६ किलो गुळात सुमारे १.३५ किलो. एकूण ३.२५ किलोच्या घरात, २० लिटरमध्ये. दर लिटरला १७ ग्रॅम साखर म्हणजे साधारण १ टक्का अल्कोहोल, या अंदाजाने ९.५ टक्के निघतं. प्रत्यक्षात ८.५ ते ९ धरून चाला. याच्यावर ताणू नका. बेकरी यीस्ट १० टक्क्यांपुढे थकतं, आणि थकलेलं यीस्ट वॉशमध्ये नको असलेले वास सोडतं.

भांडी

३० लिटरचं खाद्य दर्जाचं प्लास्टिक पिंप, घट्ट झाकणाचं, वर एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची झडप. २० लिटर वॉशला ३० लिटरचं पिंप हवंच, मळी दुधासारखी उतू जाते. मोठं स्टीलचं पातेलं, लांब दांड्याचा पळा किंवा रवी, थर्मामीटर, हायड्रोमीटर (वॉश पाण्यापेक्षा किती जड ते दाखवणारा, साखर जास्त तर आकडा जास्त), पीएच मीटर. पीएचच्या कागदी पट्ट्या मळीच्या काळ्या रंगापुढे हतबल होतात, म्हणून मीटरच घ्या. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणाऱ्या यंत्रावर, भिस्त ठेवू नका, क्षार आणि अल्कोहोल दोन्हीमुळे त्याचा आकडा फसवतो. सगळं साबणाने धुऊन, पुन्हा पाण्याने खळबळून, मग नंतर धुवावं न लागणाऱ्या (नो-रिन्स) सॅनिटायझरमध्ये बुडवून घ्या. लोखंडी, तांब्याची किंवा ॲल्युमिनिअमची भांडी टाळा, आम्लाने ती झिजतात.

पहिला दिवस, संध्याकाळ : निवळी काढणं

हीच पायरी बहुतेक जण वगळतात, आणि हिचाच फायदा सगळ्यात जास्त.

पातेल्यात ६ लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापवा, गॅस बंद करा, मग ४ किलो मळी बारीक धारेने ओतत ढवळत राहा. मळी आधी आणि पाणी नंतर असं केलं तर तळाला गोळा बसतो आणि करपतो. ८ ग्रॅम सायट्रिक आम्ल घाला. मिश्रण ७० ते ८० अंशांवर अर्धा तास ठेवा, खळखळून उकळू नका. उघड्यावर ठेवा, खिडकी उघडी असू द्या. या वेळात मळीतला सल्फर डायऑक्साइड आणि उडून जाणारी काही आम्लं निघून जातात, जंगली जंतूंची संख्या खाली येते, आणि चुन्याचे क्षार, मेण, डिंक यांचा साका सुटू लागतो.

झाकण ठेवून रात्रभर स्थिर राहू द्या. सकाळी तळाशी दोन बोटं मातकट साका दिसेल. वरची निवळी हलक्या हाताने ओतून किंवा नळीने काढून घ्या, जसा आपण चुन्याचा वरचा भाग काढतो तसा. शेवटचं लिटरभर गढूळ पाणी सोडून द्या. मोठ्या डिस्टिलऱ्याही मळी अशीच निवळून घेतात, कारण हाच साका पुढे तापणाऱ्या भांड्याच्या तळाला दगडासारखा धरतो.

दुसरा दिवस : वॉश लावणं

सगळी निवळी एकदम पिंपात घालायची नाही. निम्म्याहून थोडी जास्त, ६० टक्के, पिंपात. उरलेली उकळी आणून, गार करून, झाकून फ्रीजमध्ये. साखर दोन हप्त्यांत दिली की यीस्टला सुरुवातीला दाट पाण्याचा ताण सोसावा लागत नाही, आणि त्याची संख्या आधी वाढते.

पिंपात थंड पाणी घालून १३ लिटर करा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते आदल्या रात्री उघड्या भांड्यात भरून ठेवलं तर बरंचसं निघून जातं. आता हायड्रोमीटर १.०५०च्या आसपास दाखवेल. १.०६५च्या वर असेल तर पाणी वाढवा.

पीएच मोजा. ५.० ते ५.२ हवा. जास्त असेल तर सायट्रिक आम्ल १-१ ग्रॅम करून घाला, प्रत्येक वेळी ढवळून पुन्हा मोजा. मळीत क्षारांमुळे पीएच धरून ठेवण्याची ताकद असते, त्यामुळे तो हळूहळू खाली येतो, हात सैल सोडू नका. आंबट जितकं जास्त तितकं सुरक्षित, हा साध्या साखरेच्या वॉशचा नियम इथे लावू नये. मळीत असिटिकसारखी सौम्य आम्लं आधीच असतात. पीएच ४.५च्या खाली ढकलला की ती यीस्टच्या पेशीत शिरू शकणाऱ्या रूपात येतात आणि यीस्टला आतून दमवतात.

अर्धं डीएपी, ८ ग्रॅम, पाण्यात विरघळवून घाला. मग पळ्याने किंवा ड्रिलला लावलेल्या रवीने ५ मिनिटं जोरात घुसळा. यीस्टला वाढीसाठी सुरुवातीला प्राणवायू लागतो. ही एकच वेळ आहे जेव्हा हवा मिसळायची, यानंतर नाही.

यीस्टचं विरजण : अर्धा लिटर पाणी ३५ ते ३८ अंश, हाताला कोमट. वर यीस्ट भुरभुरवा, १५ मिनिटं हलवू नका. मग ढवळून त्यात पिंपातला पाव लिटर वॉश घाला, आणखी १५ मिनिटं थांबा, पुन्हा पाव लिटर. फेसाळलं की पिंपात ओता. कोरडं यीस्ट थेट मळीवर शिंपडलं तर दाट पाण्यात त्यातल्या बऱ्याच पेशी फुगण्याआधीच निकामी होतात.

वॉशचं तापमान ओतताना २८ ते ३० अंश असावं. विरजण आणि वॉश यांत १० अंशांहून जास्त फरक नको. झाकण लावा, एअरलॉकमध्ये पाणी भरा, पिंपाखाली परात ठेवा. परात विसरू नका.

तिसरा दिवस : उरलेली साखर

२४ तासांत हायड्रोमीटर १.०३०च्या आसपास किंवा त्याखाली आलेला असेल. गूळ २ लिटर पाण्यात उकळून विरघळवा, फडक्यातून गाळा, कारण गुळात उसाची चिपाडं, क्वचित खडाही निघतो. गार झाला की फ्रीजमधल्या निवळीत मिसळून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि सावकाश पिंपात ओता. उरलेलं ८ ग्रॅम डीएपीही आता, पण पाण्यात विरघळवूनच. कोरडी पूड टाकली तर वॉशमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एकदम सुटतो आणि सोड्याच्या बाटलीसारखं पिंप छतापर्यंत उसळतं. पातळी २० लिटरवर आणा. ढवळा, पण हवा घुसळू नका.

दोन हप्त्यांमुळे सुरुवातीचा खरा आकडा हायड्रोमीटरवर दिसत नाही. सगळं एकत्र घातलं असतं तर तो १.०८५ ते १.०९० आला असता, तो धरून हिशेब करा.

पुढचे ५ दिवस

३० अंश सर्वात चांगले, २८ ते ३२ चालतात. आंबण्याने वॉश स्वतःही तापतो. ऑकलंडच्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, बंद गॅरेजमध्ये वॉश ३६पर्यंत चढू शकतो. तेव्हा पिंप ओल्या टॉवेलात गुंडाळून सावलीत ठेवा. जुलैत उलट : पिंपाभोवती हीट बेल्ट आणि त्यावर जुनी रजई. वॉश २० अंशांवर दोन आठवडे कुथत राहिला तर बिघडायला वेळ मिळतो, म्हणून हिवाळ्यात ऊब द्यायची सोय नसेल तर थेट डिसेंबरपर्यंत थांबलेलं बरं.

या २० लिटरमधून दीड किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे ८०० लिटरच्या आसपास वायू. तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. पिंप झोपायच्या खोलीत, तळघरात किंवा बंद कपाटात ठेवू नका. आणि एअरलॉकशिवाय झाकण हवाबंद करू नका, पिंप फुटतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी वास बदलतो. सुरुवातीला भिजलेल्या पावाचा, मग पिकलेल्या केळ्याचा, मागे मळीचा कडवट धूर. सातव्या दिवसापर्यंत बुडबुडे विरळ होतात. सलग दोन दिवस हायड्रोमीटर एकाच आकड्यावर थांबला की आंबणं संपलं. हा आकडा १.०१५ ते १.०२२ असेल. साखरेचा वॉश १.०००च्या खाली जातो, म्हणून अनेकांना वाटतं हा अडकला. अडकलेला नाही. न आंबणारा ऐवज वॉशमध्ये जड राहतोच. खात्री चवीने करा : जिभेवर आंबट, कडू, खारट लागलं आणि गोडी नसेल, तर झालं.

मग पिंप गार जागी हलवा आणि ३ ते ४ दिवस निवळू द्या. नळीने वरचा वॉश काढून घ्या, तळाचा दीड लिटर यीस्टचा गाळ मागेच सोडा. गाळ तापल्यावर करपतो, आणि तो करपट वास नंतर कशानेही जात नाही.

काय बिघडतं

वॉश सुरूच झाला नाही. तापमान पाहा, मग पीएच. दोन्ही ठीक असतील आणि यीस्ट कोमट साखरपाण्यात फेसाळत असेल, तर दोष मळीचा. वॉश निम्मा पातळ करून नवं विरजण घालून पाहा. प्रोपिओनिकवाली मळी असेल तर तेही चालणार नाही.

१.०४०वर थांबला. बहुधा थंडी, नाहीतर उपासमार. आधी ३० अंशांपर्यंत उबवा, हलक्या हाताने ढवळून तळचं यीस्ट वर आणा, १ दिवस वाट पाहा. मग १० ग्रॅम बेकरी यीस्ट उकळून, मारून घाला, मेलेल्या पेशी जिवंत पेशींचं उत्तम अन्न ठरतात. या टप्प्यावर जास्तीचं डीएपी घालू नका. थकलेलं यीस्ट ते घेत नाही आणि ते वॉशमध्येच पडून राहतं.

सडक्या अंड्याचा वास. नायट्रोजन कमी पडला, किंवा मळीत गंधक जास्त होतं. सुरुवातीच्या दोन दिवसांत आला तर दुसरा हप्ता लगेच द्या. पुढच्या खेपेला निवळी जास्त वेळ गरम ठेवा.

व्हिनेगरचा वास. हवा शिरली. झाकण सैल, किंवा रोज उघडून बघण्याची हौस. असिटिक जिवाणू अल्कोहोल खाऊनच आंबट करतात, त्यामुळे दर तासाला तोटा वाढतो. वॉश संपत आला असेल तर लगेच उरका. सुरुवातीलाच आला तर पिंप रिकामं करून धुवा.

खवट लोण्याचा किंवा ओकारीचा वास. ब्युटिरिक आम्ल, क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंचं काम. इथे मात्र घाबरण्याआधी जमैका आठवावा. तिथल्या ट्रेलॉनी परगण्यातल्या हॅम्पडेन डिस्टिलरीत हा वास मुद्दाम जोपासतात. गाळून उरलेलं पाणी, ज्याला ते डंडर म्हणतात, आणि मक पिट नावाच्या खड्ड्यातला आंबट चिखल वॉशमध्ये घालतात. ही आम्लं अल्कोहोलशी जुळून एस्टर होतात, आणि त्यातून अननस, पिकलेली केळी असा तो जमैकन रमचा जबर दरवळ येतो. पण ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं काम आहे. पहिल्या दोन-तीन वॉशमध्ये स्वच्छ आंबवणं साधावं. नंतर कायदेशीर गाळणाऱ्याने आधीच्या खेपेचं डंडर गार करून पुढच्या वॉशच्या पाण्याऐवजी १५ ते २० टक्के वापरून पाहावं. त्याहून जास्त घातलं तर क्षार पुन्हा साचतात आणि आपण निवळीने कमावलेलं घालवतो. महाराष्ट्रातल्या डिस्टिलऱ्यांत हेच द्रव्य स्पेंट वॉश म्हणून ओळखलं जातं. पोटॅशने भरलेलं असतं म्हणून त्याचं खत होतं, आणि तसंच ओढ्यात सोडलं तर मासे मरतात.

मिथेनॉलची भीती. यीस्ट साखरेपासून मिथेनॉल बनवत नाही. ते फळांच्या पेक्टिनमधून येतं, आणि उसाच्या मळीत पेक्टिन नगण्य. जून २०१५मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली ती विषारी दारूत मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलने. आंबवण्यातली चूक आणि ते विष यांचा संबंध नाही. म्हणून नेम एकच : अल्कोहोलच्या नावाखाली कुणीही दिलेलं औद्योगिक स्पिरिट वॉशमध्ये किंवा रममध्ये ‘जोर’ वाढवायला घालू नये, थेंबभरही नाही.

उरलेली मळी आणि साका

बादलीतली उरलेली दाट मळी वर्षभर टिकते, कारण इतक्या कमी पाण्यात जंतू वाढू शकत नाहीत. ती बिघडते ती झाकणाखाली जमलेल्या वाफेच्या थेंबांनी. वरचा पातळ थर आंबतो आणि बादली फुगते. म्हणून ओला पळा बादलीत घालू नका, झाकण आतून कोरडं पुसून लावा. बादली उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका. ४० अंशांच्या वर मळी स्वतःच हळूहळू विघटन पावू लागते, फेसाळते आणि काळी पडत जाते, मग तिची साखर कमी भरते. निवळीचा साका आणि यीस्टचा गाळ दहापट पाण्यात मिसळून लिंबाच्या किंवा टोमॅटोच्या आळ्यात घालता येतो. एकाच आळ्यात लागोपाठ घालू नका, पोटॅशने माती खारते.

पुढची बादली घेतली की बरणीची चाचणी पुन्हा घ्या, दुकान तेच असलं तरी. न्यूझीलंडमध्ये ऊस पिकत नाही, मळी जहाजाने येते, आणि एका खेपेची मळी दुसरीसारखी नसते.